हातातलं जीपीएस मशीन: ट्रेकला वापरताना आणि अपग्रेड करताना नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सातारा, कराड, सांगली, मिरज इकडच्या ट्रेकवाल्यांकडं आता हातातलं जीपीएस मशीन बऱ्यापैकी दिसतं. कुणी नवीन घेतलेलं असतं, कुणाला परदेशातल्या भावानं पाठवलेलं असतं, कुणी सेकंडहॅन्ड उचललेलं असतं. प्रश्न मात्र सगळ्यांचे तेच असतात म्हणून उत्तरं एकाच ठिकाणी लिहून ठेवतोय. उदाहरणं गार्मिन कंपनीच्या मशीनची जास्त आहेत कारण आपल्याकडं हातात बहुतेक तेच असतं. आणि माझं मत आधीच सांगतो, नवीन मशीनवर पैसे घालायच्या आधी नकाशा, सेल आणि वापरायची सवय या तीन गोष्टी सुधारा, निम्म्याहून जास्त तक्रारी तिथंच संपतात.

मोबाईल असताना वेगळं मशीन कशाला घ्यायचं?

अजिंक्यतारा, यवतेश्वर, सज्जनगड, मिरजेजवळचा दंडोबा, सागरेश्वर एवढंच फिरत असाल तर नका घेऊ, मोबाईल पुरतो. मोबाईलमधल्या जीपीएसला रेंज लागत नाही, रेंज फक्त नकाशा डाउनलोड करायला लागते, त्यामुळं ऑसमॅन्ड किंवा ऑर्गॅनिक मॅप्स यातलं एक नकाशाचं ॲप टाकून घरीच जिल्ह्याचा नकाशा उतरवून घेतला आणि फोन फ्लाइट मोडला ठेवला की दिवसभराचं काम होतं.

फरक पडतो तो कोयनेच्या जंगलात, चांदोलीच्या बाजूला, किंवा जुलैत कासच्या धुक्यात. पावसात ओल्या बोटानं टच स्क्रीन धड चालत नाही, एप्रिलच्या उन्हात स्क्रीन दिसत नाही आणि फोन तापून बंद पडतो. हातातल्या मशीनला बटणं असतात, उन्हात स्क्रीन उलट जास्त चांगली दिसते, सेल संपले की खिशातले दुसरे टाकले की झालं. पण मला सगळ्यात मोठं कारण वेगळंच वाटतं, काही झालं तर फोन लावायला मोबाईलची बॅटरी शिल्लक पाहिजे, वाट शोधण्यात ती संपवून चालत नाही.

चालू केल्यावर सॅटेलाइट सापडायला एवढा वेळ का लागतो?

जीपीएसचे उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर वर फिरतात आणि त्यांचा संदेश फार सावकाश येतो, सेकंदाला फक्त ५० बिट. एका उपग्रहाची स्वतःची नेमकी जागा सांगणारा भाग दर ३० सेकंदांनी परत येतो, तो मधे तुटला की मशीन पुढच्या फेरीची वाट बघत बसतं. सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक पूर्ण यायला साडेबारा मिनिटं लागतात. म्हणून सहा महिने कपाटात पडलेलं मशीन पहिल्यांदा चालू केलं की वेळ खातं, त्यात बिघाड काही नसतो.

उपाय सोपा आहे. आदल्या दिवशी गच्चीवर नेऊन पंधरा-वीस मिनिटं नुसतं चालू करून ठेवा, हलवू नका. सकाळी बामणोलीत लाँचची वाट बघत चहा घेत असता तेव्हा परत चालू करा. गाडी चालू असताना डॅशबोर्डवर पहिलं लॉक मिळवायचा प्रयत्न करत बसू नका, झाडं, इमारती, वेग सगळं मधे येतं. एकदा चार उपग्रह नीट सापडले की अक्षांश-रेखांश आणि उंची दोन्ही मिळतात.

मशीन हातात कसं धरायचं, उभं का आडवं?

हे मॉडेलवर आहे आणि बहुतेकांना माहीतच नसतं. ईट्रेक्स आणि जीपीएसमॅप ही गार्मिनची दोन घराणी. ईट्रेक्समध्ये चपटा अँटेना असतो, तो आकाशाकडं तोंड करून म्हणजे मशीन तळहातावर आडवं ठेवलं की चांगलं चालतं. जीपीएसमॅपच्या डोक्यावर जो जाड खुंटा दिसतो त्यात गुंडाळी पद्धतीचा अँटेना असतो, तो उभा धरायचा. चालताना पँटच्या खिशात कुठलंच नको, अंगातलं पाणी सिग्नल अडवतं. सॅकच्या खांद्याच्या पट्ट्याला वरच्या बाजूला अडकवा.

अचूकता किती धरायची? स्क्रीनवर ३ मीटर दाखवतं ते खरं का?

मोकळ्या पठारावर, चाळकेवाडीला पवनचक्क्यांच्या बाजूला वगैरे, तीन ते पाच मीटर मिळतात. पण स्क्रीनवरचा आकडा हा मशीनचा स्वतःचा अंदाज असतो, हमी नसते. दाट झाडीत दहा-पंधरा मीटर इकडंतिकडं होतंच आणि कड्याच्या पोटाशी तर जास्तच, कारण सिग्नल कड्यावर आपटून उशिरा पोचतो आणि मशीनला वाटतं उपग्रह लांब आहे. वासोट्याच्या बाबूकड्यासारख्या ठिकाणी ट्रॅकची म्हणजे मशीननं नोंदवलेल्या वाटेची रेघ थेट दरीत गेलेली दिसली तर घाबरू नका.

यातून निघणारी गोष्ट मात्र फार महत्त्वाची आहे. कड्याच्या जवळ, धुक्यात, स्क्रीनवरच्या रेघेवर पाय ठेवत चालायचं नाही. दहा मीटरची चूक पठारावर काहीच नसते, धारेवर ती जीवावर बेतते. मशीन वाट कुठल्या अंगाला आहे ते सांगतं, पाऊल कुठं टाकायचं ते डोळ्यांनीच बघायचं.

२ मे २००० पर्यंत तर अमेरिका सर्वसामान्यांच्या सिग्नलमध्ये मुद्दाम गोंधळ मिसळत होती, तेव्हा शंभर मीटरची चूक नेहमीची होती. त्या काळातल्या जुन्या ट्रॅकवर आज विसंबू नका.

मल्टिबँड म्हणजे काय, त्यानं खरंच फरक पडतो का?

पडतो, पण जंगलात आणि कड्याखाली. साधं मशीन एल१ म्हणजे १५७५.४२ मेगाहर्ट्झ एवढाच सिग्नल ऐकतं, मल्टिबँड त्याच्या जोडीला एल५ म्हणजे ११७६.४५ पण ऐकतं. दुसरा सिग्नल आपटून आलेला का सरळ आलेला हे ओळखायला चांगला आहे. नुसतं कासला आणि ठोसेघरला जाणाऱ्यानं याच्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत, वर्षातून चार वेळा कोयना-चांदोलीच्या रानात जाणाऱ्यानं जरूर विचार करावा.

आपलं भारताचं नाविक आणि गगन यात चालतं का?

दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. नाविक ही आपली स्वतःची उपग्रह प्रणाली, तिचा पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये गेला. तिचे आधीचे उपग्रह एल५ आणि एस बँडवर बोलतात, त्यामुळं फक्त एल१ ऐकणाऱ्या मशीनला ते ऐकूच येत नाहीत. २९ मे २०२३ ला गेलेल्या एनव्हीएस-०१ पासून एल१ वर पण सिग्नल द्यायला सुरुवात झाली. मशीन घेताना स्पेसिफिकेशनमध्ये नाविक किंवा आयआरएनएसएस लिहिलंय का बघा, जुन्या मशीनमध्ये ते नवं फर्मवेअर म्हणजे मशीनचं आतलं सॉफ्टवेअर टाकून येत नाही.

गगन हे इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणानं मिळून विमानांसाठी उभं केलेलं, ते जीपीएसमधल्या चुकांची दुरुस्ती जीसॅट-८, जीसॅट-१० आणि जीसॅट-१५ वरून पाठवतं. सेटिंगमध्ये वास किंवा इग्नोस (अशाच परदेशी दुरुस्ती सेवांची नावं) असं लिहिलेला पर्याय चालू केला की मशीन ते शोधतं. सॅटेलाइटच्या पानावर ४० किंवा ४१ नंबर दिसला आणि सिग्नलच्या खांबांवर डी अक्षर आलं म्हणजे दुरुस्ती मिळतेय. हे उपग्रह एका जागी स्थिर असतात आणि आपल्यापासून दक्षिणेच्या अंगाला दिसतात, म्हणून उत्तरेकडच्या उतारावर, डोंगराच्या सावलीत ते हरवतात. सेल थोडे जास्त खातं, जंगलात बंद ठेवलं तरी चालेल.

मित्रानं पाठवलेले अक्षांश-रेखांश टाकले तर तिसरंच ठिकाण दाखवतं, का?

शंभरातल्या नव्वद वेळा लिहिण्याच्या पद्धतीचा घोळ असतो. एकच जागा तीन प्रकारे लिहितात, नुसते दशांश अंश, अंश आणि दशांश मिनिटं, किंवा अंश मिनिट सेकंद. गार्मिन बहुतेक वेळा दुसऱ्या पद्धतीवर येतं आणि मोबाईल पहिल्या. आता बघा, मित्रानं १७ अंश ४१.५ मिनिटं सांगितलं आणि तुम्ही १७.४१५ असं टाकलं, तर तुम्ही साताऱ्यापासून तीस किलोमीटर दक्षिणेला जाऊन बसता, कारण ४१.५ मिनिटं म्हणजे ०.६९१७ अंश होतात.

एक मिनिट अक्षांश म्हणजे साधारण १.८५ किलोमीटर, एक सेकंद म्हणजे ३१ मीटर. एवढं पाठ ठेवलं तरी चूक लगेच डोळ्यात येते. ग्रुपमध्ये सगळ्यांनी एकच पद्धत ठरवा आणि मशीन त्याच पद्धतीवर ठेवा.

सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीटवर जागा जुळत नाही, मशीन बिघडलंय का?

मशीन ठीक आहे, दोघांचा डेटम म्हणजे अक्षांश-रेखांश मोजायचा पाया वेगळा आहे. जुन्या शीट एव्हरेस्ट डेटमवर काढलेल्या, जीपीएस डब्ल्यूजीएस८४ वर चालतं. आपल्या भागात दोघांत शंभर मीटरपेक्षा जास्त फरक येतो. पठारावर जाणवत नाही, पण दोन सोंडांच्या मधल्या घळीत असाल तर नकाशावर तुम्ही भलत्याच सोंडेवर दिसता. शीटच्या नंबरात वासोटा ४७ जी मध्ये येतो, सांगली ४७ एल मध्ये. २००५ च्या नकाशा धोरणानंतर आलेल्या ओपन सीरिजच्या शीट डब्ल्यूजीएस८४ वरच आहेत, त्या वापरा आणि मशीनचा डेटम अजिबात हलवू नका. मागं कुणी हलवून ठेवलाय का ते मात्र सेकंडहॅन्ड मशीनमध्ये पहिल्यांदा बघा.

उंची कायम चुकीची दाखवतं, काय करायचं?

आधी तुमच्या मशीनमध्ये हवेच्या दाबाचा सेन्सर आहे का ते बघा. ईट्रेक्स ३०, ३०एक्स, ३२एक्स आणि जीपीएसमॅपमधल्या एस वाल्यांमध्ये असतो, ईट्रेक्स १०, २०, २२एक्स मध्ये नसतो. सेन्सर नसेल तर उंची फक्त उपग्रहांवरून काढली जाते आणि ती आडव्या जागेपेक्षा कायम ढिली असते, पंधरा-वीस मीटर वरखाली गृहीतच धरा.

सेन्सर असेल तर त्याला माहीत असलेली उंची शिकवावी लागते. यासाठी आपल्याकडं फुकटची आणि खात्रीची जागा म्हणजे रेल्वे स्टेशन. सातारा, कराड, सांगली, मिरज, कुठल्याही स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर खाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. पाटीपाशी उभं राहा, कॅलिब्रेट अल्टिमीटरमध्ये जा, आकडा टाका, झालं.

पण ते दिवसभर टिकत नाही. आपल्या भागात हवेचा दाब रोज सकाळी दहाच्या आसपास सगळ्यात जास्त आणि दुपारी चारच्या सुमाराला कमी असतो, मधे तीनेक मिलिबारचा फरक पडतो. एका मिलिबारला साधारण आठ-नऊ मीटर धरा, म्हणजे तुम्ही एकाच टाक्याच्या काठावर सकाळपासून दुपारपर्यंत बसून राहिलात तरी मशीन तुम्हाला पंचवीस मीटर वर चढवतं. वर पोचल्यावर माहीत असलेल्या उंचीला परत एकदा शिकवलं की ठीक होतं.

मोबाईलच्या काही ॲपमध्ये उंची पन्नास मीटरपेक्षाही जास्त कमी दिसते, कोकणात उतरलं तर चक्क उणे दिसते. ती ॲप पृथ्वीच्या गणिती आकारापासून उंची मोजतात आणि भारतात समुद्रसपाटी त्या आकाराच्या बरीच खाली आहे. चांगलं मशीन ही दुरुस्ती आतल्या आत करतं.

कंपास उभा राहिलो की गोल गोल फिरतो.

ईट्रेक्स १०, २०, २२एक्स मध्ये खरा कंपास नाहीच, ती मशीनं तुम्ही चालताय त्यावरून दिशा काढतात. उभं राहिलं की दिशा गेली. दहा-वीस पावलं सरळ चाला, मग बघा. ज्यांच्यात खरा कंपास आहे त्यांनी सेल बदलले की प्रत्येक वेळी कॅलिब्रेट करायचा, कारण सेलच्या पत्र्याचा चुंबकावर परिणाम होतो, आणि ते गाडीपासून लांब जाऊन करायचं. साधा चुंबकी कंपास सॅकमध्ये असावाच, त्याला सेल लागत नाहीत.

नकाशा कुठून आणि कसा टाकायचा?

ओपनस्ट्रीटमॅपवरून बनवलेले गार्मिनचे नकाशे फुकट मिळतात आणि सह्याद्रीसाठी विकतच्यापेक्षा ते बऱ्याचदा सरस असतात, कारण पायवाटा, टाकी, खिंडी आपल्यासारख्या लोकांनीच चालून भरलेल्या आहेत. समोच्च रेषा असलेला नकाशा घ्या, नुसत्या रस्त्यांचा उपयोग नाही. या रेषा बहुतेक फेब्रुवारी २००० मध्ये स्पेस शटलनं घेतलेल्या रडार मापनावरून काढलेल्या असतात, तीस मीटरचा चौकोन धरून, म्हणून वीस-पंचवीस मीटरचा सरळसोट कडा त्यात नुसता तीव्र उतार म्हणून दिसू शकतो हे लक्षात असू द्या.

फाइलचं शेवटचं नाव आयएमजी असतं. मेमरी कार्डवर गार्मिन नावाचा फोल्डर करा, त्यात ती टाका, कार्ड मशीनमध्ये घाला, मग मॅप सेटिंगमध्ये जाऊन तो नकाशा चालू करा आणि बाकीचे बंद करा. दोन नकाशे एकावर एक चालू राहिले की वरचा खालच्याला झाकतो आणि लोक म्हणतात नकाशा आलाच नाही. जुन्या मशीनला फाइलचं नाव जीमॅपसप असंच लागतं. कार्ड ३२ जीबीपर्यंतचं, फॅट३२ मध्ये फॉर्मॅट केलेलं घ्या, पूर्ण महाराष्ट्र टाकूनही त्यात भरपूर जागा उरते.

ईट्रेक्स १० वाल्यांनी नकाशाच्या मागं लागू नका, त्यात टाकता येत नाही. ट्रॅक आणि पॉइंट टाकता येतात आणि तेवढ्यावर माणूस आरामात जाऊन येतो.

आणि एक, मॅपवर गो केलं की मशीन तुम्हाला मेढ्यावरून डांबरी रस्त्यानं फिरवून न्यायला लागतं. राउटिंग डायरेक्टवर म्हणजे सरळ रेघेवर ठेवा.

नेटवरून घेतलेल्या जीपीएक्स ट्रॅकवर भरवसा ठेवायचा का?

जीपीएक्स म्हणजे ट्रॅक आणि पॉइंटची फाइल. आधी तपासा. फाइल बेसकॅम्प या गार्मिनच्या कॉम्प्युटरवरच्या प्रोग्राममध्ये उघडून पॉइंटांची यादी बघा. खऱ्या चाललेल्या ट्रॅकच्या प्रत्येक पॉइंटला वेळ असते, पॉइंट कमीजास्त अंतरावर असतात, माणूस दम घ्यायला थांबला तिथं गुंता झालेला असतो. घरी बसून माउसनं काढलेल्या ट्रॅकला वेळ नसते आणि रेघ लांब लांब सरळ असते. असा ट्रॅक कड्यावरून सरळ खाली गेलेला मिळू शकतो.

महिना पण बघा. डिसेंबरात चाललेली वाट सप्टेंबरात कारवीनं भरलेली असते. त्यात ढोरवाटा सगळ्या दिशांना फुटलेल्या, त्यावरून लोक चुकतात आणि तोच चुकलेला ट्रॅक वर टाकतात. धनगरवाड्यावर एकदा विचारून घेतलेली वाट दहा फायलींपेक्षा भारी, विचारायला लाजू नका, आणि तिथल्या माणसानं सांगितलेलं नाव, मग ती नाळ असो का टाकं, तसंच्या तसं पॉइंटला द्या.

जुन्या ईट्रेक्समध्ये एका ट्रॅकला १०,००० पॉइंटची मर्यादा आहे. त्यापेक्षा मोठी फाइल टाकली की शेवटचा भाग गायब होतो, नेमका उतरायचा. आधी बेसकॅम्पमध्ये पॉइंट कमी करून घ्या.

वासोट्यासारख्या ट्रेकला नेमकं काय काय मार्क करायचं?

वासोटा कोयना अभयारण्यात आहे, वन खात्याची परवानगी लागते, पावसाळ्यात बंद असतो आणि मुक्काम करता येत नाही, म्हणजे लाँचपर्यंत वेळेत परत यायचंच असतं. त्यामुळं इथं परतीचा हिशोब आधी.

लाँचमधून उतरल्या उतरल्या पहिला पॉइंट, जिथं पाय ठेवला तिथलाच. मागच्या वर्षीचा चालणार नाही, शिवसागरचं म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचं पाणी नोव्हेंबरात काठोकाठ असतं आणि एप्रिल-मेपर्यंत एवढं मागं सरतं की लाँच लागायची जागा बरीच लांब गेलेली असते, मधला सगळा चिखल आणि भेगाळलेली जमीन. दुसरा पॉइंट जंगलात शिरायच्या वाटेच्या तोंडाला. तिसरा मारुतीच्या ओढ्यापाशी, तिथं पाणी मिळतं. चौथा वर नागेश्वर आणि वासोटा जिथं फुटतात त्या फाट्याला, आणि याला नाव नीट द्या, नुसतं ००४ नको, परत येताना दमलेल्या डोक्याला ००४ म्हणजे काय ते आठवत नाही.

ट्रॅक रेकॉर्डिंग लाँचमधून उतरायच्या आधी चालू आहे का बघा. चुकलोय असं वाटलं की तिथंच थांबा, ट्रॅकबॅक (आलेल्या वाटेनं परत नेणारा पर्याय) करा, शेवटच्या ओळखीच्या पॉइंटला परत या. शॉर्टकट मारून खालच्या वाटेला मिळू असं सह्याद्रीत कधीच करायचं नाही, मधे कडा लागतो.

दोघांच्या मशीनवर अंतर वेगळं का येतं?

जेवायला बसलं तरी मशीन इकडंतिकडं पाच-सात मीटर उड्या मारत राहतं आणि ते अंतरात मिळवत जातं. ज्यानं पॉज केलं त्याचं कमी येतं. दर किती मीटरला पॉइंट घ्यायचा हे सेटिंग वेगळं असलं तरी फरक पडतो, वळणावळणाच्या वाटेवर कमी पॉइंट घेणारा वळणं कापतो.

सेल कुठले टाकायचे?

पेन्सिल सेलच लागतात, दोन. घड्याळाला आणि रिमोटला टाकतो ते स्वस्त सेल टाकू नका, अर्ध्या दिवसात मान टाकतात. रोजच्या वापराला रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड, २००० एमएएचच्या आसपासचे आणि चार्ज टिकवून ठेवणारे घ्या, सुरुवातीला महाग वाटतात पण दोन सीझनमध्ये वसूल होतात. चार्जर असा घ्या जो प्रत्येक सेल वेगळा चार्ज करतो. ताजा अल्कलाइनचा एक जोड सीलबंद सॅकमध्ये कायम.

सेटिंगमध्ये सेलचा प्रकार बदलायला विसरू नका. रिचार्जेबल १.२ व्होल्टचा असतो आणि अल्कलाइन १.५ चा, मशीनला चुकीचं सांगितलं की ते पूर्ण भरलेला सेल पण अर्धा दाखवतं. यूएसबीनं चार्ज होणारे १.५ व्होल्टचे लिथियम सेल मिळतात, ते शेवटपर्यंत फुल्ल दाखवतात आणि मग सूचना न देता बंद पडतात, म्हणून मी ते ट्रेकला नेत नाही.

बॅकलाइट दिवसा बंद ठेवा, सगळ्यात जास्त तीच खाते.

ट्रेकवरून आलं की सेल काढून ठेवा, दर वेळी. गळलेल्या अल्कलाइननं मेलेली मशीनं माझ्याकडं लोक घेऊन येतात, झाकण उघडलं की स्प्रिंगवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पुटं चढलेली असतात. थोडं असेल तर कापसाच्या काडीवर व्हिनेगर घेऊन हलक्या हातानं पुसा, मग स्पिरिटनं पुसून दिवसभर वाळू द्या. स्प्रिंगचा मुलामा उडून खालचं लोखंड दिसायला लागलं असेल तर मात्र स्प्रिंग बदलून घ्या.

फर्मवेअर अपडेट करू का? मशीन बंद पडलं तर?

करा, पण ट्रेकच्या आदल्या रात्री नको. निदान आठवडाभर आधी करा म्हणजे एकदा गावात फिरून तपासता येतं. क्रम असा ठेवा, आधी मशीनमधला जीपीएक्स फोल्डर कॉम्प्युटरवर कॉपी करा, मग नवे किंवा पूर्ण चार्ज सेल टाका, मग गार्मिन एक्सप्रेस या कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रामनं अपडेट उतरवा. केबल काढल्यावर मशीन स्वतःच चालू होऊन अपडेट बसवतं, तेव्हा सेल संपले किंवा कुणी बटण दाबलं तर गडबड होते. नंतर सेटिंग परत तपासा, डेटम, सेलचा प्रकार, राउटिंग, कधीकधी सगळं मूळ पदावर गेलेलं असतं.

कॉम्प्युटरला जोडलं तर दिसतच नाही.

केबल बदला. जुन्या मशीनला मिनी यूएसबी लागते आणि बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यात डेटाच्या तारा नसतात. केबल बदलूनही दिसत नसेल तर सॉकेटमधली धूळ ब्रशनं काढा.

जुन्या मशीनवर तारीख वीस वर्षं मागची दाखवतं.

जीपीएस आठवडे मोजतं आणि तो आकडा १०२३ नंतर परत शून्यावर येतो. पहिल्यांदा ऑगस्ट १९९९ मध्ये आला, दुसऱ्यांदा ६ एप्रिल २०१९ ला. १०२४ आठवडे म्हणजे साधारण १९ वर्षं ७ महिने, तेवढी तारीख मागं जाते. फर्मवेअरचा नवा अपडेट असेल तर तो टाका. नसेल तरी वाट दाखवायचं काम बहुतेक मशीनं बरोबर करतात, फक्त सूर्यास्ताची वेळ आणि ट्रॅकवरची तारीख यावर विसंबायचं नाही.

पावसाळ्यात वापरलं तर चालेल का, वॉटरप्रूफ आहे म्हणे?

आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात तीस मिनिटं, पण ते नव्या मशीनला. चार-पाच वर्षांनी मागच्या झाकणाचं रबर कडक होतं, यूएसबीचं रबरी बूच ढिलं होतं, ईट्रेक्सची कडेची रबरी पट्टी सुटायला लागते. जुनं मशीन पावसात न्यायचं तर पारदर्शक पिशवीत घाला. आत वाफ धरली तर सेल काढून झाकण उघडं ठेवून साध्या कोरड्या जागी पंख्याखाली ठेवा, उन्हात तापवू नका.

सेकंडहॅन्ड घेताना काय बघू?

उघड्यावर घेऊन जा, घरात बसून सौदा करू नका. सेलची जागा स्वच्छ आहे का, सगळी बटणं आणि छोटी स्टिक चारही दिशांना चालते का, स्क्रीनवर काळे डाग नाहीत ना, तारीख बरोबर येते का, मग दहा मिनिटं थांबून किती उपग्रह धरतं ते बघा. स्वतःच्या केबलनं लॅपटॉपला जोडून बघा. विकत घेतलेला नकाशा बरोबर देतो असं कुणी म्हणालं तर तो त्याच मशीनला बांधलेला आहे का विचारा, दुसऱ्या मशीनचं कार्ड असेल तर उघडणार नाही.

मग अपग्रेड करायचं कधी आणि कुठलं घ्यायचं?

तुमच्याकडं ईट्रेक्स २० किंवा ३० चालू अवस्थेत असेल तर नवा नकाशा, चांगले सेल आणि एक कार्ड टाका, अजून काही वर्षं मस्त जातील. मशीन बदलायला माझ्या मते तीनच कारणं पुरेशी आहेत, अँटेना मंद झालाय, पाणी आत जातंय, किंवा तुम्ही खरंच दाट रानात नेमानं जायला लागलाय.

कमी पैशात नकाशावालं पाहिजे तर २२एक्स, २.२ इंची स्क्रीन आणि दोन पेन्सिल सेलवर २५ तासांचा दावा. कंपास आणि दाबाचा सेन्सर पाहिजे तर ३२एक्स. ईट्रेक्स एसई सेलच्या बाबतीत फार काटकसरी आहे पण त्यात नकाशा दिसत नाही. मल्टिबँड पाहिजे आणि पेन्सिल सेल पण पाहिजेत तर जीपीएसमॅप ६५ किंवा ६५एस. ६७ दिवसेंदिवस चालतं पण त्याची बॅटरी आतली चार्जिंगची आहे, सेल बदलता येत नाहीत, हे आपल्या एकदोन दिवसांच्या ट्रेकला अडत नाही.

परदेशातून इनरीचवालं मागवू का, त्यात एसओएस आहे.

नका मागवू. नुसतं जीपीएस फक्त ऐकतं, ते बाळगायला परवानगी लागत नाही. इनरीच उपग्रहाला संदेश पाठवतं आणि भारतात दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय असं यंत्र बाळगणं गुन्हा आहे. असं यंत्र जवळ सापडलं म्हणून परदेशी प्रवाशांना विमानतळावर अडवून गुन्हा दाखल झालेला आहे. नाव फसवं असतं म्हणून अक्षर नीट बघा, ६६आय, ६७आय असं आय असलेल्या मॉडेलमध्ये ते असतं. नातेवाइकाला नेमकं मॉडेल लिहून पाठवा.

अपघात झाला तर जागा कशी सांगायची?

११२ लावा, ॲम्ब्युलन्सला १०८. रेंज बहुतेक वेळा दरीत नसते, धारेवर किंवा पठारावर येते, तर जखमी माणसाजवळ दोघं ठेवा आणि दुसऱ्या दोघांनी मशीनवर त्या जागेचा पॉइंट घेऊन वर जावं. जखमीच्या जागेचा पॉइंट, फोन लावताय तिथला नव्हे, हे घाईत विसरतं.

फोनवर आकडे एकेक करून सांगा, आधी अक्षांश मग रेखांश, कुठल्या पद्धतीचे ते सांगा, आणि समोरच्याला परत वाचायला लावा. आपल्या भागात अक्षांश १७ च्या किंवा १६ च्या पुढचा आणि रेखांश ७३ किंवा ७४ चा असतो, त्यापेक्षा वेगळं ऐकू आलं तर लिहिताना उलटसुलट झालंय. आकड्यांच्या जोडीला जवळचं गाव, वाडी, गडाची कुठली बाजू, खाली उतरायला कुठली वाट मोकळी आहे हे पण सांगा, कारण मदतीला सगळ्यात आधी येतात ती खालच्या वाडीतली माणसं आणि त्यांना खिंडीचं नाव कळतं. एकाच्या मशीनमधला पॉइंट कागदावर लिहून खाली जाणाऱ्याच्या खिशात द्या, सेल संपले तरी कागद राहतो.